फाइल ओळखणं शेतकऱ्याच्या माथी मारू नका

सायबर जागृतीच्या नावाखाली आमच्या इंझोरीसारख्या गावांना एकच उपदेश ऐकवला जातो: अनोळखी फाइल उघडू नका. या उपदेशाची मला चीड आहे. पीकविम्याची पावती, सातबारा, पोराचा दाखला, बँकेचं पत्र, सगळंच आता फाइल होऊन फोनवर येतं. त्यातली ओळखीची कोणती, हे मानोरा तालुक्यातल्या सोयाबीन उत्पादकानं कशावरून ठरवायचं? नावावरून? नाव तर पाठवणाराच ठेवतो!

ईमेल घ्या किंवा यूजनेटचे चर्चागट वाचायचे न्यूजरीडर घ्या, कथा तीच. जोडलेल्या फाइलीचा प्रकार पाठवणारं सॉफ्टवेअर लिहून देतं. बहुतेक वेळा ते फाइलीत डोकावतही नाही. नावाच्या शेवटची अक्षरं आपल्या तक्त्यात शोधतं आणि सापडली नाहीत की ‘ॲप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’ असा शिक्का मारून मोकळं होतं. म्हणजे, हे बाइट आहेत, पुढचं मला ठाऊक नाही. मग घेणारं सॉफ्टवेअर एक तर ‘उघडता येत नाही’ म्हणून हात वर करतं, नाहीतर नावावर विसंबून एका टिचकीत फाइल उघडून देतं. पहिल्यात काम अडतं, दुसऱ्यात खातं रिकामं होतं.

हे आजचं नाही. ४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ विषाणू जगभर पसरला. त्याच्या फाइलीच्या नावात आधी ‘टीएक्सटी’ होतं आणि शेवटी ‘व्हीबीएस’. विंडोज ओळखीची शेवटची अक्षरं लपवायचं, त्यामुळे चालणारा प्रोग्राम लोकांना साधं पत्र वाटला. आज पीएम-किसानच्या नावानं एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपच्या फाइली व्हॉट्सॲपवर फिरतात. वर्षाचे ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळणाऱ्या माणसाला त्या हप्त्याचंच आमिष दाखवलं जातं, आणि लुबाडला गेला की वर त्यालाच अडाणी म्हटलं जातं.

नोव्हेंबर १९९६च्या आरएफसी २०४६ या ईमेल-मानकाच्या दस्तऐवजात नेड फ्रीड आणि नॅथॅनिएल बोरेनस्टीन यांनी सांगून ठेवलं आहे की ‘ऑक्टेट-स्ट्रीम’ शिक्क्याची फाइल आली तर ती साठवून ठेवण्याची सोय द्या. पाठवणाऱ्यानं नाव दिलेला प्रोग्राम शोधून चालवण्याची यंत्रणा ठेवू नका. पण साठवलेली फाइल नेमकी काय आहे, हे माणसाला कोण सांगणार? ते सांगणं घेणाऱ्या सॉफ्टवेअरचंच काम आहे आणि ते अवघडही नाही. पीडीएफच्या सुरुवातीलाच ‘%पीडीएफ’ या अर्थाचे बाइट असतात. झिपच्या सुरुवातीला फिल कॅट्झची ‘पीके’ ही आद्याक्षरं असतात. मात्र वर्डची नवी फाइल आणि अँड्रॉइडचं ॲप, दोन्ही मुळात झिपच. म्हणून पहिल्या बाइटांवर थांबून चालत नाही, आतली यादी वाचावी लागते. तिथे ‘अँड्रॉइडमॅनिफेस्ट’ दिसलं की ते ॲप आहे, बाहेर नाव सातबाऱ्याचं का असेना.

यावर जाणकार म्हणतात, प्रकार ताडणं धोक्याचं. इंटरनेट एक्स्प्लोरर या ब्राउझरनं ताडून ताडून साध्या मजकुरातल्या स्क्रिप्ट चालवल्या, म्हणून आवृत्ती ८मध्ये ‘नोस्निफ’, म्हणजे ‘प्रकार ताडू नकोस’ अशी ब्राउझरला द्यायची सूचना आणावी लागली, हे खरं. पण तिथे घात झाला तो ताडल्यावर आपोआप चालवल्यामुळे. प्रकार ओळखा, माणसाला सांगा आणि थांबा; एवढा फरक ज्यांना करता येत नाही त्यांनी कोट्यवधी लोकांच्या फोनसाठी सॉफ्टवेअर लिहू नये.

आणि सांगा ते मराठीत सांगा, ठळक अक्षरांत: ‘नाव पीडीएफचं आहे, आत ॲप आहे.’ कळलं नाही तर ‘प्रकार ओळखता आला नाही’ असं स्पष्ट लिहा, खोटं चित्र चिकटवू नका. नाव आणि आतला माल जुळत नसेल तर त्या सूचनेखाली ‘तरीही उघडा’ हे बटण अजिबात नको. ज्याला ते ॲप खरंच हवं आहे तो फाइल साठवेल आणि फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः परवानगी देईल.