अब्रूचा पंचनामा

मार्च २०११ मध्ये कैरोच्या तहरीर चौकातून सैनिकांनी निदर्शकांना पकडून नेले. त्यांतील सात तरुणी कुमारिका आहेत की नाहीत, याची लष्करी तुरुंगात तपासणी करण्यात आली. पुढे एका सेनाधिकाऱ्याने समर्थन केले ते असे की, कोठडीत बलात्कार झाला असा आरोप या मुलींनी करू नये म्हणून ही खबरदारी घेतली! जी कुमारिका नाही तिच्यावर अत्याचार संभवतच नाही, असा या तर्कशास्त्राचा अर्थ.

पण हे तर्कशास्त्र लष्कराने शोधून काढलेले नव्हे. इजिप्तच्या खेड्यांतून लग्नाच्या रात्री ‘दाया’ म्हणजे सुईण बोटाला पांढरे फडके गुंडाळून नवरीचा कौमार्यभंग करी आणि ते रक्ताळलेले फडके बाहेर ताटकळत असलेल्या आप्तांना दाखविले जाई. मगच बापाची मान ताठ होई. डॉक्टर असलेल्या लेखिका नवाल अल् सादावी यांनी या प्रकारांविषयी लिहून ठेवले आहे. सुईणीचे काम तुरुंगात डॉक्टरावर सोपविले गेले, एवढाच फरक. वस्तुतः योनिपटलाची ठेवण प्रत्येक स्त्रीत निराळी असते आणि अनेकींना प्रथम समागमात रक्तस्राव होतच नाही. या तपासणीस शास्त्रीय आधार नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली निःसंदिग्धपणे सांगितले. म्हणजे ज्या निकालावर मुलीचा संसार, प्रसंगी प्राणही, अवलंबून, तो निकाल केवळ योगायोगाचा!

हा इस्लामचाच आदेश, असे मानणारे मुसलमानांत आहेत, तसे त्यांच्या टीकाकारांतही आहेत. कुराण तर शीलवती स्त्रीवर आळ घेणाऱ्याकडे चार साक्षीदार मागते आणि ते न आणल्यास त्यालाच ऐंशी फटके सांगते. पैगंबरांच्या प्रथम पत्नी खदीजा विधवा होत्या. आणि आपणही नाक वर करण्याचे कारण नाही. आपल्याकडील कंजारभाट जातपंचायतीही नववधूची अशीच परीक्षा घेत आल्या. २०१८ साली त्याच समाजातील तरुणांनी तिला विरोध केला, तेव्हा पिंपरीत त्यांना मारहाण झाली.

कैरोच्या त्या सात जणींपैकी समीरा इब्राहीम हिने न्यायालयात दाद मागितली आणि तिचे वडील तिच्या पाठीशी उभे राहिले. डिसेंबर २०११ मध्ये लष्करी तुरुंगांतील अशा तपासण्या थांबविण्याचा हुकूम निघाला. पण मार्च २०१२ मध्ये लष्करी न्यायालयाने त्या डॉक्टरास निर्दोष सोडले. कारण काय, तर साक्षींत विसंगती होती. मुसलमान देशांत न्याय दुर्मिळच, असे मात्र कोणी समजू नये. जानेवारी २०२१ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आयेशा मलिक यांनी बलात्कारपीडितांची कौमार्यचाचणी बेकायदा ठरविली. फ्रान्सने त्याच वर्षी कौमार्याचे दाखले देणाऱ्या डॉक्टरांना कैदेची शिक्षा ठेवली. कायद्याचा हात पोचावयास हवा तो येथेच. सुईण निरक्षर होती. दाखल्यावर सही करणारा डॉक्टर तसे म्हणू शकत नाही.