भय सुईच्या टोकात नसते

आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागात सुईविरहित ‘शॉक सिरिंज’ सिद्ध झाली, तेव्हा सुईचे भय आता इतिहासजमा होणार, असाच देशभरातील बातम्यांचा सूर होता. संशोधन कौतुकास्पदच आहे. दाबाखालच्या नायट्रोजन वायूने औषधाची केसाएवढी बारीक, अतिवेगवान धार निर्माण होते आणि ती त्वचा भेदून आत शिरते. परंतु हे प्रयोग उंदरांवर झाले, आणि उंदीर सुई पाहून घेरी येऊन पडत नाहीत. शिवाय या धारेने औषध आत जाईल. रक्त बाहेर कसे येणार? रक्ततपासणी, सलाइन, डायलिसिस यांना सुई लागणारच. २०२१ साली मंजुरी मिळालेली ‘झायकोव्ह-डी’ ही लसही सुईविनाच दिली जात होती. तरी देशाचे कोविड लसीकरण झाले ते मुख्यतः सुईनेच.

मुळात हे भय वेगळ्या जातीचे आहे. इतर भयांत रक्तदाब चढतो. यात अनेकांचा तो क्षणभर चढून एकाएकी कोसळतो, नाडी मंदावते, मेंदूला रक्त अपुरे पडते आणि माणूस खाली बसतो. हा भित्रेपणा नव्हे. अशा माणसाला आपल्याकडे ‘अंग सैल सोडा’ असे सांगितले जाते. हा सल्ला नेमका उलटा आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऊस्ट यांनी १९८०च्या दशकातच ताणाचे तंत्र मांडले: पाय, पोट व मोकळ्या हाताचे स्नायू दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत, घट्ट आवळायचे, मग थोडे थांबून पुन्हा तेच. टोचायचा हात तेवढा सैल. रक्तदाब टिकतो. खर्च शून्य.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली लसीकरणातील वेदना कमी करण्यासाठी शिफारशी दिल्या. तान्ह्याला अंगावर पाजत असताना टोचावे, मुलाला आडवे दाबून न धरता पालकाच्या मांडीवर बसवावे, सर्वांत दुखरी लस शेवटी द्यावी, सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून पाहू नये. यांत एकही यंत्र नाही. बहुधा म्हणूनच त्यांची बातमी होत नाही. आणि घरोघरी मात्र ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. शिक्षा म्हणून ओळख झालेली सुई पुढे उपचार कशी वाटावी?

सुईविरहित साधने यावीत, स्वस्त व्हावीत. परंतु ती येईपर्यंत ‘मागच्या वेळी टोचताना चक्कर आली होती का?’ हा एक प्रश्न विचारायला आणि होकार आल्यास रुग्णाला आडवे करायला कोणत्या प्रयोगशाळेची वाट पाहिली जात आहे?