महागडी दुर्बीण आणि अण्णांची ठासणीची बंदूक



मध्यंतरी तीन-चार महिने इथे काही लिहिले नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरसमोर बसायचे नाही असा दमच दिला होता. "काकू, ब्लॉग बंद केलात की काय?" अशी दोघा-तिघांनी विचारणा केली. बंद नाही हो, आहे अजून!

आजच्या विषयाला निमित्त आमच्या धाकट्या जाऊबाईंचे. परवा फोनवर त्यांनी मला चांगलेच धारेवर धरले. "ताई, तुम्ही म्हणे नातवाला बंदुकीवरची दुर्बीण घ्यायला पैसे देणार होता! आपल्या घरात हे कधीपासून सुरू झाले?" बातमी अर्धी खरी आहे. नात्यातल्या मंडळींमध्ये उरलेली अर्धी आपापल्या परीने भरून निघण्याआधी मीच सगळे इथे लिहून टाकते.

तर झाले असे. आमचे चिरंजीव मिशिगनला असतात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, ऑगस्टपासून नाताळापर्यंत मी त्यांच्याकडे होते. त्या राज्यात १५ नोव्हेंबर हा दिवस म्हणजे एक सणच. बंदुकीने हरणाची शिकार करायचा हंगाम त्या दिवशी सुरू होतो आणि महिनाअखेरीपर्यंत चालतो. त्या दिवशी पुष्कळ गावांत शाळांना सुट्टी असते. आदल्या दिवशी उत्तरेकडे जाणारे रस्ते असे वाहतात की मला गणपतीच्या आधीचा मुंबई-गोवा रस्ताच आठवला. फरक एवढाच की गाड्यांत मखर आणि मोदकपात्राऐवजी बंदुका आणि झोपायच्या पिशव्या.

चिरंजीवांच्या शेजारी एक आजोबा राहतात. मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्याच वयाचे. उत्तरेला रानात त्यांची लाकडी झोपडी आहे. आमच्या नातवाला त्यांनी लळा लावला आहे. तिथे शिकारीचा परवाना हवा असेल तर साधारणपणे सुरक्षेचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो (१९६० पासून पुढे जन्मलेल्या सगळ्यांना हा नियम आहे). आमच्या चौदा वर्षांच्या बाळाने तो उन्हाळ्यातच पुरा केला होता. वाढदिवसाला काय हवे म्हणून मी विचारले. पेन्शनमधून चारशे डॉलर बाजूला ठेवले होते. म्हणाला, "आजी, मला स्कोप हवा." बंदुकीवर बसवायची दुर्बीण. किंमत नऊशे डॉलर! उरलेले बाबा घालणार होते.

मी लगेच हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. शाळेत छत्तीस वर्षे काढली, तेव्हा एवढे कळते की मुलाने काही मागितले की आधी ती वस्तू पाहून यावी. म्हणून त्याच्याबरोबर दुकानात गेले.

काय सांगू तुम्हाला! आपल्या दादरच्या साड्यांच्या दुकानाएवढा तर नुसता कपड्यांचा विभाग. झाडपाल्याच्या नक्षीचे सदरे, पँटी, टोप्या, हातमोजे, पायमोजेसुद्धा. अंगाचा वास बाहेर जाऊ न देणारे कपडे. वास जाण्यासाठी वेगळा साबण. अंतर मोजायची यंत्रे, बॅटरीवर गरम होणारी जाकिटे, घडीची माचाणे. एक पूर्ण पोशाख सहज हजार डॉलरच्या वर. मी मराठी माध्यमाची बी.ए., लेबलांवरचे निम्मे शब्द मला नातवाने समजावले. मग घरी येऊन शेजारच्या आजोबांना एकेका वस्तूबद्दल विचारले, काही वाचले, आणि माझे मत बनवले. ते असे.

आधी कपडे. हरणाचे डोळे आपल्यासारखे नसतात. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात, हरणाच्या डोळ्यात दोनच. त्यामुळे तांबडा आणि केशरी हे रंग त्याला आपल्यासारखे उठून दिसतच नाहीत. म्हणूनच तर तिथे शिकाऱ्याने भडक केशरी रंगाचे जाकीट किंवा टोपी घालावी असा कायदा आहे. दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसतो, हरणाला दिसत नाही! या एका नियमाने कितीतरी जीव वाचले. उलट निळा रंग हरणाला चांगला दिसतो. आणि सगळ्यात आधी त्याला कळते ती हालचाल आणि आपला वास. मग ती पानाफांद्यांची महागडी नक्षी कोणासाठी? वरून केशरी बंडी घातली की ती निम्मी झाकलीच जाते. आजोबा म्हणाले, वाऱ्याच्या उलट दिशेला बसायला पैसे पडत नाहीत. आमच्या अण्णांनी हेच सांगितले असते.

आता माचाण. तिथले शिकारी पंधरा-वीस फूट उंच झाडावर बसतात आणि त्या खेळातल्या अपघातांचे एक मोठे कारण म्हणजे झाडावरून पडणे. अंगाला बांधायचा पट्टा चांगल्यातला चांगला घ्यावा, तिथे घासाघीस करू नये. बूटही तसेच. उणे पाच-सहा अंशांत पाच तास हलायचे नाही म्हणजे काय, हे पाय ओले झाल्याशिवाय कळत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. अमेरिकेत १९३७ साली एक कायदा झाला. त्यानुसार लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवर ११ टक्के कर बसतो आणि तो पैसा राज्यांना रानांसाठी, वन्यप्राण्यांसाठी आणि शिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी मिळतो. पुढे धनुष्यबाणांवरही तसाच कर आला. म्हणजे महाग बंदूक घेणारा थोडे जास्त पैसे रानाला देतो, हे मान्य. पण गंमत बघा, हा कर त्या नक्षीच्या कपड्यांवर नाही आणि दुर्बिणींवरही नाही!

राहिली दुर्बीण. इथे मला माझे लहानपण सांगावे लागेल. (जाऊबाई, "आपल्या घरात हे कधीपासून" याचे उत्तरही इथेच आहे. तुमच्या सासरी नसेल, माझ्या माहेरी होते.)

माझे माहेर संगमेश्वर तालुक्यातले, सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. अण्णांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीत वरून दारू घालायची, काथ्या ठासायचा, छर्रे घालायचे, पुन्हा ठासायचे, मागे केप लावायची. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर पुढच्या गावात! त्यामुळे अण्णा तीस-चाळीस पावलांच्या आत जनावर आल्याशिवाय चापाला बोट लावत नसत. दहा वेळा बसले तर आठ वेळा रिकाम्या हाताने परत येत. आईच्या शिव्या खात.

१९६१ किंवा ६२ असेल, मी दहा-अकरा वर्षांची. मुंबईहून अण्णांच्या ओळखीचे एक पाहुणे शिकारीला आले. त्यांच्याकडे परदेशी रायफल आणि तिच्यावर दुर्बीण. आम्हा पोरांना त्यांनी त्या दुर्बिणीतून समोरच्या डोंगरावरचे झाड दाखवले. पान न् पान दिसत होते. मला तर ती जादूच वाटली. संध्याकाळी पलीकडच्या उतारावर सांबर उभे होते, दोनशे पावलांवर तरी असेल. अण्णा थांबा म्हणाले. पाहुणे म्हणाले, दिसतेय की स्वच्छ! आणि बार काढला.

सांबर बसले, उठले आणि पळाले. गोळी पोटात लागली होती.

पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी कचेरीत हजर व्हायचे होते. ते सकाळच्या एस.टी.ने गेले. अण्णा आणि आमचा एक गडी रक्ताच्या थेंबांवरून दोन दिवस रानात फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या कडेला ते जनावर सापडले. जिवंत होते. जखमेत किडे पडले होते. अण्णांनी जवळ जाऊन एक बार काढला. मांस आणले नाही. घरी आल्यावर जेवले नाहीत, आणि आईला एवढेच म्हणाले, "त्याला दिसत होते गं सगळे. पण हात कुठे तयार होता?"

पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, शिकारीवर कडक बंधने आली. अण्णांना त्याचे वाईट वाटल्याचे मला तरी आठवत नाही.

तर दुर्बिणीबद्दल माझे म्हणणे हे. ती जे दाखवते ते खोटे नसते. पण लांबचे जवळ दिसले की माणसाला आपण खरेच जवळ आहोत असे वाटू लागते. श्वास, हात, वारा, जनावराचे पुढचे पाऊल यांतले काहीही ती सुधारत नाही. ज्याचा हात आधीच बसलेला आहे त्याने ती घ्यावी, त्याच्या गोळीने जनावर हाल न होता पडेल. शेजारच्या आजोबांनी साठी उलटल्यावर दुर्बीण बसवली, कारण बंदुकीची मागची खाच, पुढची माशी आणि हरीण या तिन्हींवर एकदम नजर ठरेना. आता डोळ्यात नवी काच बसवून घेतल्यावर मला त्यांचे म्हणणे अगदी पटते! म्हातारा डोळा आणि तयार हात असेल तर तो खर्च सार्थकी लागतो. चौदा वर्षांचा धडधाकट डोळा आणि कच्चा हात असेल तर तोच खर्च त्याला नको तेवढे धाडस देतो, आणि त्याची किंमत हरीण मोजते.

नातवाला मी कॉर्बेटची गोष्ट सांगितली. चंपावतच्या वाघिणीने चारशे छत्तीस माणसे मारली अशी नोंद आहे. १९०७ साली कॉर्बेट तिच्या मागावर गेला तेव्हा त्याच्यापाशी तीनच काडतुसे होती. ती संपली. मग त्याने धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक घेतली. ती इतकी खिळखिळी की नळ्या आणि मागचा भाग यांत फट होती. तरीही वाघिणीच्या अगदी जवळ जाऊन त्याने शेवटचा बार काढला, तोही तोंडाऐवजी पंज्याला लागला. आधीच्या गोळ्यांनीच ती मरणाला टेकली होती. त्याची जी प्रसिद्ध रिग्बी रायफल, ती या कामगिरीबद्दल बक्षीस म्हणून नंतर मिळालेली! आता यावरून मोडकी बंदूक चालते असा अर्थ कोणी काढू नये, ती त्याच्या हातात फुटलीही असती. मला एवढेच दाखवायचे होते की कॉर्बेट रान आधी शिकला होता, भारी रायफल नंतर आली.

नातू म्हणाला, "पण आजी, तो कॉर्बेट होता." याला माझ्याकडे उत्तर नव्हते!

शेवटी आमचा तह झाला. चारशे डॉलरमध्ये चांगले बूट, पट्टा, केशरी बंडी आणि उरलेल्या पैशांची काडतुसे, सरावासाठी. बंदूक आजोबांची जुनी विंचेस्टर, १८९४ साली निघालेल्या नमुन्याची. दाट रानात बहुतेक बार शंभर यार्डांच्या आतच काढावे लागतात, तेवढ्याला ती पुरते. नऊशेची दुर्बीण त्याने विसाव्या वर्षी स्वतःच्या कमाईने घ्यावी, मी असले तर कौतुक करीन. चार दिवस तो माझ्याशी फारसा बोलला नाही. मग दर शनिवारी आजोबांबरोबर सरावाला जाऊ लागला.

१५ नोव्हेंबरला शनिवार होता. पहाटेच्या अंधारात ती दोघे माचाणावर चढली आणि संध्याकाळी उतरली. एक हरीण आले होते, पण झाडीआडून, लांबवर. बाळ म्हणाला, बंदूक उचलली होती, मग खाली ठेवली. आजोबांनी ठेवायला सांगितली की त्याने आपणहून ठेवली, हे मी विचारले नाही. पाय मात्र शेवटपर्यंत कोरडे होते म्हणाला.

आता मनातले एक खरे सांगते. तो हरीण घेऊन आला असता तर मला कसे वाटले असते, हे मलाच ठाऊक नाही. लहानपणी अण्णांनी आणलेले मटण मी आवडीने खाल्ले आहे, आणि त्या सांबराची जखम ऐकून रात्रभर रडलेही आहे. शिकार असावी की नसावी यावर तुम्ही माझ्याशी खुशाल भांडा. पण ज्याला करायचीच आहे त्याने आधी जवळ जायला शिकावे आणि पैसे त्यानंतर खर्चावेत, एवढ्यावर मी ठाम आहे.

तुमच्यापैकी पक्ष्यांचे फोटो काढणारे दोघे-तिघे आहेत. त्यांच्या लाख-लाख रुपयांच्या लेन्सना हे लागू पडते की नाही, ते त्यांनीच खाली लिहावे. आणि जाऊबाई, तुम्हीही लिहा. फोनवर नको, इथेच!