भिंत हलत नाही हो!

परवा एक विक्रेता आमच्या लॅबमध्ये डेप्थ कॅमेरा घेऊन आला. माहितीपत्रकावर ठळक अक्षरात लिहिलेलं: अचूकता १ मिलिमीटर. मी विचारलं, एक चित्र घ्यायला वेळ किती? "फक्त ३०० मिलिसेकंद!" आता आमचा पट्टा सेकंदाला अर्धा मीटर सरकतो. म्हणजे याचं एक चित्र पुरं होईतो खोकं १५ सेंटिमीटर पुढे. मग त्या एका मिलिमीटरचं काय लोणचं घालायचं?

हे कॅमेरे अंतर एका क्षणात मोजत नाहीत. कोणी पट्ट्यापट्ट्यांची नक्षी एकामागून एक टाकतो, कोणी प्रकाशाच्या फेजचे चार नमुने घेतो, लायडार गरगर फिरतो. चालत्या बैलगाडीची लांबी पावलं टाकत मोजून बघा. गाडीच्या दिशेनं चाललात तर गाडी लांब भरते, उलट चाललात तर आखूड. गाडी तीच, पावलंही तीच!

इथे सिंगापूरला हा प्रश्न थेट रस्त्यावरचा आहे. वन-नॉर्थमध्ये २०१६ च्या ऑगस्टमध्ये न्यूटोनॉमीची चालकविरहित टॅक्सी लोकांना घेऊन फिरू लागली. त्याच मंडळींनी २०१९ मध्ये न्यूसीन्स हा डेटासेट खुला केला. बॉस्टन आणि सिंगापूरचे १००० प्रसंग, प्रत्येकी २० सेकंदांचे. त्यातला लायडार सेकंदाला २० फेऱ्या मारतो, म्हणजे फेरीला ५० मिलिसेकंद. तेवढ्यात ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी ८३ सेंटिमीटर सरकते. म्हणूनच त्यांनी लायडारचा किरण ज्या कॅमेऱ्याच्या मध्यावरून जाईल, त्याच क्षणी त्या कॅमेऱ्याचा फोटो घेतला. वेळेची किंमत कळणारे लोक असे वागतात.

"सॉफ्टवेअर करेल की दुरुस्त," हे ठरलेलं उत्तर. आपल्या गाडीची गती चाकं आणि जायरो सांगतात, ती दुरुस्ती सोपी. पण क्वीन्सटाउनला बस पकडायला मध्येच धावणाऱ्या आजोबांची गती कोण सांगणार? ती काढायची त्याच वेड्यावाकड्या मापांवरून. अंदाज बांधता येतो, पण अंदाजाला अचूकता म्हणू नये. बरं, स्कॅन झटपट उरकावा, तर प्रत्येक मापाला प्रकाश कमी मिळतो आणि गोंगाट वाढतो. फुकट काहीच नाही.

माझं मागणं साधं आहे. अचूकतेच्या आकड्याशेजारी तेवढ्याच ठळक अक्षरात स्कॅनचा वेळ छापा. आणि चाचणी सेकंदाला एक मीटर सरकणाऱ्या वस्तूवरही घ्या, चूक किती येते ते लिहा. आणि आम्ही खरेदी करणाऱ्यांनीही नुसत्या मिलिमीटरला भुलणं सोडावं.

असो. विक्रेत्याला चहा पाजला. जाताना म्हणाला, "सर, भिंतीवर एकदा दाखवू का?"

भिंतीला कुठे घाई असते?