मी मॅच बघतो, परीक्षा देत नाही

भारत-पाकिस्तान सामना असला की आमच्या घरात टॉसच्या आधी कोणीतरी उठून रस्त्याकडची खिडकी लावून घेतं. पूर्वी अब्बा लावायचे, आता मी लावतो. इंग्लंडविरुद्ध मॅच असली तर खिडकी उघडी असते, ऑस्ट्रेलियाविरुद्ध असली तरी उघडी. फक्त या एका सामन्याला बंद. गेल्या वेळी मुलाने विचारलं, "अब्बा, गरम होतंय, खिडकी कशाला लावली?" मी म्हटलं, बाहेरचा आवाज येतो. तो म्हणाला, "बाहेरचा येतो, की आपला जातो?"

पोरगं नववीत आहे. त्याला काय सांगणार? पण त्याच्यामुळेच एकदा काय झालं होतं, ते इथे सांगतो.

तेव्हा आमचा टीव्ही बिघडला होता आणि आम्ही सगळे मोबाइलवर मॅच बघत होतो. ज्यांनी अशी मॅच बघितली आहे त्यांना ठाऊक आहे की मोबाइलवरचं प्रक्षेपण टीव्हीच्या मागे असतं. कधी वीस सेकंद, कधी त्याहून जास्त. आपल्या फलंदाजाने चौकार मारला आणि आमच्या घरात पोरांनी आरडाओरडा केला. नेमक्या त्याच क्षणी गल्लीतल्या टीव्हींवर पुढच्या चेंडूवर आपली विकेट पडली होती. म्हणजे सगळी गल्ली चुकचुकत असताना एका घरातून जल्लोष ऐकू आला. कोणाच्या घरातून, ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सहकारी हसत हसत म्हणाले, "काय सर, काल विकेट पडल्यावर तुमच्याकडे फार आनंद झाला म्हणे!" त्यांचा स्वभाव वाईट नाही. माझ्या अम्मीच्या आजारपणात रक्त द्यायला आलेला माणूस. तरी मी घाईघाईने खुलासा करायला बसलो. इंटरनेटचा वेग, प्रक्षेपणातला फरक, कोणत्या षटकातला कितवा चेंडू. मधली सुट्टी त्यातच संपली. तास घ्यायला जाताना जिन्यावर मला माझीच लाज वाटली. चौकार आपल्याच संघाचा, आनंद आपल्याच संघासाठी, आणि पुरावे मी देतोय!

तेव्हापासून ठरवलंय, यावर एकदा नीट लिहायचं.

मित्रहो, मी क्रिकेटचा रसिक आहे. खेळाडू नाही, जाणकारही नाही. आमच्या तालुक्याच्या गावात लहानपणी मोजक्या घरी टीव्ही होता. 9 मार्च 1996 ची बंगळुरूची उपांत्यपूर्व फेरी मी शेजारच्या काकांच्या ओसरीवर बसून पाहिली. अजय जडेजाने 25 चेंडूंत 45 काढल्या, वकारला धुतलं. आमिर सोहेलने चौकार मारून वेंकटेश प्रसादला बोट दाखवलं आणि पुढच्याच चेंडूवर त्याचा त्रिफळा उडाला. तेव्हा काकांनी मला उचलून घेतलं होतं. कप्तान अझरुद्दीन होता, पण त्या ओसरीवर ते कोणी मोजत नव्हतं. त्याच ओसरीवर वसीम अक्रमचा चेंडू आत येऊन यष्टी घेऊन गेला की काका म्हणायचे, "काय टाकलाय रे, बघ तरी!" ते म्हणू शकत होते. मी तेव्हाही इकडेतिकडे बघून मग मान डोलवायचो. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला हा फरक कोणी शिकवला? कोणीच नाही. हवेतून शिकलो.

रसिकाचे काही हक्क असतात. आपल्या संघाला शिव्या घालायचा हक्क, कंटाळून टीव्ही बंद करायचा हक्क, हरल्यावर न जेवता झोपायचा हक्क, आणि समोरच्याने कमाल केली तर "वाह" म्हणायचा हक्क. बाकी सगळ्यांना हे हक्क आहेत. शेजारचे काका "या कोहलीला घरी बसवा" म्हणाले तर ते क्रिकेटवरचं मत. मी तेच म्हणालो तर ते कशावरचं मत ठरेल, याचा विचार मला आधी करावा लागतो. मॅच मीही बघतो, पण माझ्याकडेही कोणीतरी बघत असतं.

मी शिक्षक आहे, परीक्षा म्हणजे काय ते मला कळतं. परीक्षेला अभ्यासक्रम असतो, वेळ असते, उत्तीर्ण होण्याचे गुण ठरलेले असतात, निकाल लागतो आणि विद्यार्थी सुटतो. ही वफादारीची परीक्षा यात कुठेच बसत नाही. तिचा निकाल कधी लागत नाही. हिच्यात पास होता येत नाही, फक्त नापास होता येतं. भारत जिंकल्यावर मी पेढे वाटले तर "दाखवायला वाटतोय" आणि नाही वाटले तर "बघा, गप्प आहे".

ही परीक्षा काही आपल्याकडेच निघालेली नाही. 1990 मध्ये नॉर्मन टेबिट या ब्रिटिश राजकारण्याने विचारलं होतं की इंग्लंडमध्ये राहणारे आशियाई लोक क्रिकेटमध्ये कोणाला पाठिंबा देतात? 'क्रिकेट टेस्ट' हा शब्द तिथून रूढ झाला. आता आपण स्वतःला विचारू या. ओव्हलवर भारताचा सामना असला की ब्रिटिश पासपोर्ट असलेली आपली माणसं तिरंगा घेऊन जातात. टेबिटच्या कसोटीवर ती सरळ नापास आहेत. पण ते दृश्य टीव्हीवर बघून आपली छाती फुगते. त्यांना कोणी गद्दार म्हटलं तर आपल्याला राग येईल, आणि यायलाच हवा.

आणखी जवळचं उदाहरण घ्या. 12 जून 2024, न्यूयॉर्क, टी-ट्वेंटी विश्वचषक. अमेरिकेकडून खेळणाऱ्या सौरभ नेत्रावळकरने विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर शून्यावर आणि रोहित शर्माला 3 धावांवर बाद केलं. भारताच्या दोन मोठ्या विकेट! आणि महाराष्ट्रात काय झालं? "आपला मुंबईचा पोरगा" म्हणून कौतुक झालं. मीही केलं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचं उदाहरण दिलं की बघा, इंजिनिअरची नोकरी सांभाळून माणूस कुठे पोचतो. त्या कौतुकाबद्दल कोणी कोणाचं देशप्रेम तपासलं नाही. म्हणजे भारताची विकेट पडल्यावर आनंद होणं हा गुन्हा नाही, हे आपल्या समाजाला चांगलं ठाऊक आहे. ते कोणाच्या बाबतीत ठाऊक असावं आणि कोणाच्या बाबतीत विसरावं, एवढंच ठरवून ठेवलेलं आहे.

हे मी चिडून लिहितोय, पण निराश होऊन नाही. कारण या देशाने दुसरंही दाखवलेलं आहे. 31 जानेवारी 1999 ला चेन्नईत पाकिस्तानने आपल्याला अवघ्या 12 धावांनी हरवलं. सचिन पाठदुखी सोसत 136 करून बाद झाला होता. मैदानातल्या माणसांचं काळीज तुटलं असणार. तरीही ती माणसं उभी राहिली आणि पाकिस्तानच्या संघाने मैदानाला फेरी मारली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि आपलं वानखेडे? डिसेंबर 2021 मध्ये मुंबईत जन्मलेल्या एजाज पटेलने न्यूझीलंडकडून खेळताना भारताचे एका डावातले दहाच्या दहा बळी घेतले, 119 धावांत. जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांच्यानंतरचा तिसराच गोलंदाज. मुंबईचा, मुसलमान, आणि भारताचा अख्खा डाव एकट्याने गुंडाळणारा! वानखेडेने त्याला टाळ्या दिल्या. ती टाळी मला आमच्या काकांच्या ओसरीवरची वाटली.

मग बिघडतं कुठे? खेळात पाकिस्तान हे नाव आलं की बिघडतं, आणि त्याची किंमत फार मोठी असते. 18 जून 2017 ला चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानकडून 180 धावांनी हरलो. जळगावच्या सीमेला लागून असलेल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या मोहद गावात मुसलमानांना अटक झाली. आरोप काय, तर फटाके वाजवले, घोषणा दिल्या. आधी राजद्रोहाचं कलम लावलं, मग ते काढून दुसरं लावलं. ज्याच्या नावाने तक्रार नोंदवली होती, त्या हिंदू गावकऱ्यानेच मी अशी तक्रार केलेली नाही असं सांगितलं. निर्दोष सुटायला 2023 उजाडलं. मजुरी करणारी माणसं. सहा वर्षांच्या तारखा कशा काढल्या असतील त्यांनी?

आणि 23 फेब्रुवारी 2025. दुबईत आपण पाकिस्तानला 6 गडी राखून हरवलं, कोहलीचं शतक झालं. त्या आनंदाच्या रात्री आपल्याच मालवणमध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप झाला. आई-वडिलांना अटक झाली आणि दुसऱ्या दिवशी कुटुंबाच्या भंगाराच्या दुकानावर बुलडोझर चालला. आरोप सिद्ध व्हायचा होता. खरा ठरला असता तरी पोराच्या तोंडच्या शब्दाला दुकान पाडण्याची शिक्षा कोणत्या कायद्यात आहे? माझा मुलगा जवळपास त्याच वयाचा. खिडकी का लावतो ते आता कळलं असेल.

मैदानावरचा खेळाडूही यातून सुटत नाही. 24 ऑक्टोबर 2021 ला दुबईत पाकिस्तानने आपल्याला 10 गडी राखून हरवलं. दहा गडी! म्हणजे एकालाही विकेट मिळाली नाही. शिव्यांचा पाऊस पडला तो मात्र मोहम्मद शमीवर. विराट कोहलीने पत्रकारांसमोर स्पष्ट सांगितलं की धर्मावरून कोणावर हल्ला करणं ही सगळ्यात हीन गोष्ट आहे. कप्तान असावा तर असा. दोन वर्षांनी विश्वचषकात त्याच शमीने 24 बळी घेतले, वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध 57 धावांत 7. मग तेच मोबाइल त्याचे गोडवे गाऊ लागले.

आता थोडं आपल्या घरातलं. कारण पलीकडच्यांना नावं ठेवून आपण मोकळे होत असू, तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही.

2007 च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. पाकिस्तान 5 धावांनी हरला. शोएब मलिकने नंतर बोलताना जगभरच्या मुसलमानांचे आभार मानले, जणू सगळे मुसलमान त्यांच्याच बाजूने देव पाण्यात घालून बसले होते. आणि त्या सामन्याचा सामनावीर कोण? 16 धावांत 3 बळी घेणारा इरफान पठाण! त्यात मलिकची स्वतःची विकेटही होती. आम्हाला परस्पर आपल्या खात्यात जमा करणारा मलिक आणि आम्हाला तिकडे ढकलणारे इकडचे लोक, दोघे एकच बोलतात. मलिकचं ते बोलणं आपल्याला तेव्हाच खटकायला हवं होतं.

आणि 2025 च्या रमजानमध्ये शमी ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामना खेळताना पाणी प्यायला, तर आपल्यातल्याच एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवलं. प्रवासात रोजा सोडून नंतर पूर्ण करण्याची सवलत खुद्द कुरआनात आहे, हे मदरशातलं लहान पोर सांगेल. एकीकडून वफादारीची परीक्षा, दुसरीकडून ईमानाची. मधल्या माणसाने चेंडू कधी टाकायचा?

आपली एक वाईट सवयही सांगून टाकतो. भारत जिंकला की आपण सगळ्यांच्या आधी स्टेटस ठेवतो, तिरंगा मोठा करून. कोणी बोट दाखवलं की लगेच नावं मोजतो. आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा झहीर खान, 2011 च्या विश्वचषकात 21 बळी. कैफ, लॉर्ड्सवर नाबाद 87. आता सिराज. यांचा अभिमान मला आहे. पण झहीरचे 21 बळी ही त्याची कमाई आहे, ते माझं चारित्र्याचं प्रमाणपत्र नाही. उद्या सिराज महागात पडला तर मी काय देशद्रोही होणार का? नावं मोजून उत्तर दिलं की आपण परीक्षा मान्य केली.

एक प्रश्न येणार, ठाऊक आहे. "पण सर, काही जण खरंच पाकिस्तानसाठी टाळ्या वाजवतात, त्याचं काय?" असतील काही. कोणी खेळाच्या प्रेमाने, कोणी पोरकटपणाने, कोणी रोज टोमणे ऐकून चिडून. चिडून करणाऱ्या पोराला मी समोर बसवून सांगतो, बाबा रे, तुला डिवचणाऱ्याला हेच हवंय. ते सांगणं माझं काम आहे, घरातल्या मोठ्याचं, शिक्षकाचं. पोलिसाचं आणि बुलडोझरचं नाही. 1996 च्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर आपल्याच प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, जाळपोळ केली, सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. जगासमोर देशाची मान खाली गेली. त्या प्रेक्षकांच्या देशप्रेमावर कोणी शंका घेतली? हुल्लडबाज म्हणून विषय संपला. आमच्या हुल्लडबाजालाही हुल्लडबाजच म्हणा, एवढंच मागणं आहे.

पाकिस्तानशी खेळायचं की नाही ते बोर्ड ठरवतं, सरकार परवानगी देतं, जाहिरातीचे पैसे चॅनेल कमावतं. या सगळ्यात परीक्षेला बसवतात मात्र कोपऱ्यावरच्या मुसलमानाच्या घराला. मी त्या परीक्षेला यापुढे बसणार नाही.

पुढचा भारत-पाकिस्तान सामना येईल तेव्हा टीव्ही दुरुस्त असेल, खिडकी उघडी असेल. आपली विकेट पडली की हळहळू, चौकार गेला की ओरडू. समोरच्याने अप्रतिम यॉर्कर टाकला तर मी "वाह" म्हणेन, शेजारचे काका म्हणायचे तसंच, मोठ्याने. आवाज बाहेर गेला तर जाऊ दे. ज्यांना शंका येईल त्यांनी दार वाजवावं. चहा होईल, आणि राहिलेली षटकं सोबत बघू.