फोनच्या स्क्रीनमधला निळा रंग अजून का अडलाय?

तुमच्या फोनला ओएलईडी स्क्रीन असेल, तर तिच्यातले लाल आणि हिरवे पिक्सेल सहसा नव्या पद्धतीने उजळतात. निळे मात्र अजून जुन्या, जास्त वीज खाणाऱ्या पद्धतीने. मे २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने नव्या निळ्याचं पॅनेल व्यावसायिक उत्पादनाच्या पातळीपर्यंत नेल्याचं जाहीर केलं. कंपनीच्या म्हणण्यानुसार वीज सुमारे १५ टक्के कमी लागते. पण त्यातही दोन थर आहेत: एक नव्या निळ्याचा, एक जुन्या निळ्याचा. म्हणजे मामला अर्धाच सुटलाय.

नेमकं अडतं कुठे?

पिक्सेलमध्ये वीज गेली की रेणू उत्तेजित होतात. साध्या सेंद्रिय रेणूत त्यातल्या साधारण २५ टक्के अवस्थांमधूनच प्रकाश मिळतो, उरलेली ऊर्जा बहुतेक उष्णता होऊन जाते. १९९० च्या दशकाच्या शेवटी मार्क थॉम्पसन हे रसायनशास्त्रज्ञ आणि स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटांनी रेणूत प्लॅटिनम, मग इरिडियम असा जड धातू बसवून दाखवला. धातूमुळे उरलेल्या ७५ टक्क्यांमधूनही प्रकाश मिळू लागला. हिरव्यासाठीच्या प्रसिद्ध रेणूत इरिडियमला तीन सेंद्रिय तुकडे धरून असतात, प्रत्येक तुकडा एका कार्बनने आणि एका नायट्रोजनने. धातू थेट कार्बनला जोडलेला असतो, अशा रेणूंचं शास्त्र म्हणजे ऑर्गॅनोमेटॅलिक रसायनशास्त्र.

निळ्या प्रकाशाची ऊर्जा लाल-हिरव्यापेक्षा जास्त. दोन उत्तेजित रेणूंची ऊर्जा एकाच ठिकाणी जमा झाली, तर ती रासायनिक बंध तोडायला पुरते. बंध तुटला की तो रेणू बाद. असे रेणू वाढत गेले की पिक्सेल मंद होतो.

डीबगिंग, पण लॉगशिवाय

मी सॉफ्टवेअरवाला. ॲप क्रॅश झालं की मी लॉग उघडतो आणि ओळ नंबर सापडतो. रेणू असा लॉग देत नाही. कोणता बंध आधी तुटला, कशामुळे, हे उरलेल्या तुकड्यांवरून ओळखायचं. मग तो भाग बदलून नवा रेणू बनवायचा, बऱ्याचदा हवा आणि ओलावा टाळून, आणि पुन्हा मोजायचं. विद्यापीठात नुकतीच स्वतःची प्रयोगशाळा थाटलेले तरुण प्राध्यापक अशाच एखाद्या बंधामागे वर्षानुवर्षं लागतात. वरून इरिडियम दुर्मीळ: जगात वर्षाला दहा टनांच्याही आत निघतं, बहुतेक दक्षिण आफ्रिकेत. म्हणून तांब्यासारख्या स्वस्त धातूंवरही काम चालू आहे.

माझ्या मते खरी अडचण वेळेची आहे. फोन दरवर्षी नवा येतो, बंधाचं उत्तर दरवर्षी येत नाही. अशा संशोधनाला पैसा देताना "प्रॉडक्ट कधी?" हा पहिला प्रश्न असेल, तर निळा असाच अडून राहील.

उद्या जाहिरातीत "नवा निळा ओएलईडी" दिसला, तर दोनच गोष्टी बघा: पूर्ण नवा आहे की मिश्र, आणि किती तासांनी मंद होतो.