पेटीनंतर मत कुठे जाते?

१९९१च्या जून महिन्यातली गोष्ट. लोकसभेची निवडणूक होती आणि मी मास्तर असल्याने एका खेड्यातल्या शाळेत माझी ड्यूटी लागली होती. राजीव गांधींची हत्या होऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. मतदान पुढे ढकलले गेले होते, पण रद्द झाले नव्हते. दुपारी एक म्हातारी आली. बोटाला शाई लावून घेतली, मतपत्रिका पेटीत टाकली आणि जाता जाता थबकून म्हणाली, “मास्तर, आता हे माझं मत जातं कुठं?” मी म्हटले, “पेटीत, आजी.” “ते दिसलं मला. पेटीनंतर?” खोलीतले सगळे हसले, मीही हसलो.

त्या हसण्याची मला आज थोडी लाज वाटते. कारण म्हातारीच्या त्या प्रश्नापायी एक अख्खा देश गेली चाळीस वर्षे ठेचा खातो आहे. कॅरिबियन समुद्रातला हैती.

हैती म्हटले की आपल्याला फार तर २०१० सालचा भूकंप आठवतो. पण हा देश मुळात दरिद्री नारायणांचा नव्हे, शूरांचा. उसाच्या मळ्यांत राबणारे गुलाम १७९१ मध्ये उठले, नेपोलियनच्या फौजेला त्यांनी धूळ चारली आणि १ जानेवारी १८०४ रोजी स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. गुलामांनी बंड करून राज्य स्थापल्याचे जगाच्या इतिहासात हे एकमेव उदाहरण. त्याची शिक्षाही तशीच अजब झाली. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले. कशाचे? तर मळेवाल्यांची ‘मालमत्ता’ गेली, त्याची भरपाई! पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण त्यासाठी काढलेल्या कर्जांचे हप्ते १९४७ पर्यंत फिटत होते. ज्यांना विकले गेले होते, त्यांनीच स्वतःची किंमत मोजली. मग १९१५ ते १९३४ अमेरिकेचे सैन्य मुक्कामाला होते. शाळा, दवाखाने, न्यायालये उभारायला तिजोरीत उरणार काय?

पण सगळे खापर परक्यांवर फोडून भागत नाही. १९५७ मध्ये निवडून आलेले डॉक्टर फ्रान्स्वा दुवालिए तहहयात अध्यक्ष होऊन बसले, आणि त्यांच्यामागून १९७१ मध्ये एकोणीस वर्षांचा मुलगा गादीवर आला. त्यांच्या खासगी फौजेच्या नुसत्या नावाने लोक चळचळा कापत. अखेर ७ फेब्रुवारी १९८६ रोजी मुलगा देश सोडून पळाला आणि लोक रस्त्यावर नाचले.

सुधारणेचा खरा क्षण तो होता. मार्च १९८७ मध्ये लोकांनी कौल देऊन नवी राज्यघटना स्वीकारली. सगळ्यांच्या तोंडी असलेल्या क्रेओल भाषेला फ्रेंचच्या बरोबरीने राजभाषेचा मान दिला. सत्ता गावपातळीपर्यंत वाटायची, आणि त्या स्थानिक सभांतून वर येत एक कायमस्वरूपी निवडणूक परिषद उभी करायची, अशी योजना. ती परिषद उभी होईपर्यंत काम चालवायला एक तात्पुरती परिषद.

त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला मतदान होते. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या एका शाळेत लोक मत द्यायला गेले असता शस्त्रधारी आत घुसले आणि त्यांनी माणसे कापून काढली. निवडणूक काही तासांत रद्द झाली. शाळेत मतदान घेतलेला माणूस मी. ती हकिकत वाचताना आमचे ते बाक, तो फळा डोळ्यांपुढे आल्याशिवाय राहात नाही.

तरी लोक खचले नाहीत. डिसेंबर १९९० मध्ये पुन्हा रांगा लागल्या आणि गोरगरिबांचे पाद्री जाँ-बर्ट्रांड अरिस्टिड सुमारे ६७ टक्के मतांनी निवडून आले. अध्यक्षपदी बसून आठ महिने होत नाहीत तोच लष्कराने त्यांना हाकलले. १९९४ मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांना परत आणले आणि २००४ मध्ये त्यांना पुन्हा देश सोडावा लागला. मधल्या काळात तांदळावरचे आयातशुल्क ३ टक्क्यांवर आले, स्वस्त अमेरिकी तांदळाने बाजार भरला आणि तिथला भातशेतकरी बुडाला. पुढे २०१० मध्ये बिल क्लिंटन यांनी त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. शेतकऱ्याचे खाचर मात्र दिलगिरीने पिकत नाही.

आणि ती कायमस्वरूपी निवडणूक परिषद? ती कधी धडपणे उभीच राहिली नाही. जवळजवळ चार दशके निवडणुका घेते ती ‘तात्पुरती’ परिषदच. प्रत्येक सरकार ती आपल्या सोयीने नेमते आणि प्रत्येक निकालावर विरोधकांचा अविश्वास. गावच्या सभा कागदावरच राहिल्या. २०१६च्या अध्यक्षीय निवडणुकीत पाचांतल्या साधारण एकानेच मत दिले. जनता आळशी झाली नव्हती. पेटीनंतर मत कुठेच जात नाही, हे तिला उमगले होते.

पुढचे सगळे ओघाने आले. वेळेवर निवडणुका न झाल्याने २०२० मध्ये संसद ठप्प झाली. जुलै २०२१ मध्ये अध्यक्ष जोव्हनेल मोईझ यांची राहत्या घरी हत्या झाली. जानेवारी २०२३ मध्ये उरलेल्या दहा सिनेटरांची मुदत संपली आणि लोकांनी निवडून दिलेला एकही माणूस सत्तेवर उरला नाही. पुढाऱ्यांनी आणि धनिकांनी निवडणुकीपुरत्या पोसलेल्या टोळ्या आता धन्यालाच जुमानेनात. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने २०२४ या एका वर्षात ५,६०० हून अधिक माणसे मारली गेली आणि दहा लाखांवर बेघर झाली. त्या वर्षी एप्रिलमध्ये नऊ जणांचे मंडळ आले, तेही हंगामीच. २०२५ साल सरले तरी मतदान झाले नव्हते.

म्हणून ‘त्या लोकांना लोकशाही पेलत नाही’ असे कोणी म्हटले की मला राग येतो. गोळ्या झेलून रांगेत उभे राहणाऱ्यांना आपण लोकशाही काय शिकवणार? कमी पडले ते मत देणारे हात नव्हेत. ते मत जपणारी, नीट मोजणारी, हरलेल्याला घरी पाठवणारी आणि जिंकलेल्याला हिशेब विचारणारी माणसे आणि कचेऱ्या कधी उभ्या राहू दिल्या गेल्या नाहीत. परकी फौज फार तर अध्यक्षाला खुर्चीवर आणून बसवील, गावची सभा काही तिला बसवता येत नाही.

आमच्याकडे १९९१ मध्ये नेता मारला गेला, तरी तीन आठवड्यांत मतदान झाले. याचे कौतुक तेव्हा कोणालाच वाटले नाही. श्वास चालू असताना त्याची आठवण कुठे राहते? आज ती आजी भेटली तर मी हसणार नाही. सांगेन, “आजी, पेटीनंतर मत कुठं जातं, हे आपण विचारत राहू तोवरच ते कुठंतरी जातं.”